अस्तर

सेलूला जिनिंगच्या मागच्या बोळीत
शमीमआपाचं दुकान.
पाटीवर नुसतं ‘लेडीज टेलर’,
खाली खडूनं: पुरुषांनी बाहेरून आवाज द्यावा.
मी तिथं हूक लावायची,
एका ब्लाऊजमागं दोन रुपये.

आत जायला पडदा, जुन्या चादरीचा.
त्यावरच्या मोराचा डोळा फाटलेला,
मी तिथून बघायची, कुणी येतंय का.

टेप गळ्यात पडला की बाई बोलायला लागायची.
का कोण जाणे.
दोन्ही हात वर करून उभं राहिलं
की लपवायला हातच उरत नाहीत, म्हणून असेल.

प्रयागबाई म्हणायची, अंगातून वाफा निघतात माय,
भाकरी थापताना कळत नाही
चूल कुठली अन् मी कुठली.
हेडबाईंनी एकदा भिंतीकडं तोंड करून विचारलं,
नवऱ्याला नको म्हणता येतं का गं?
आपा तोंडात टाचण्या धरून म्हणली,
“बोलने कू तो आता. सुनने कू उनकू नै आता.”

मापाच्या वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही.
धुरपदाची बाही दर खेपेला वाढायची.
सहा. आठ. साडेनऊ.
फॅशन, म्हणायची.
मग एकदा कोपराच्या खाली पाहिजे म्हणली
तेव्हा आपानं टेप गुंडाळून ठेवला.
“कपडा कमी पडतो.”
कपडा चिक्कार होता, मी बघितलेला.
त्या दिवशी धुरपदा दिवेलागणीपर्यंत मशीनमागं बसली,
मी लावलेले हूक उसवत, परत लावत.
पुढं काय झालं ते तिचं तिनं सांगावं.

मग सत्यभामावहिनी.
टेप डाव्या बाजूला आला आणि थांबला.
आपानं परत फिरवला. परत तिथंच.
मी पेन्सिल धरून बसलेली,
आकडा येईना.
“कब से है?”
“दुखत नाही,” वहिनी म्हणल्या,
“दुखत नाही म्हणून मी...”
“हौ,” आपा म्हणली. “इसीच वास्ते.”

घरी सांगितलं, नांदेडला अस्तर आणायला चाललो,
इथं रंग मिळत नाही.
सकाळच्या पॅसेंजरनं चौघी.
प्रयागबाईनं दशम्या बांधल्या,
हेडबाईंनी रजा टाकली,
आपानं पैसे काढले ते गल्ल्यातून नाही,
बॉबिनच्या डब्यातून.
पाच वेळा अस्तर आणलं.
वहिनींची सासू म्हणली, शिवताय तरी काय एवढं, तंबू?
सहाव्या वेळी खरं सांगावं लागलं.
ते कसं सांगितलं, वहिनींनाच माहीत.

महालक्ष्म्यांच्या आधी माप द्यायला आल्या.
डावा हात वर जाईना,
आपानं तो आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.
वहीत मी पहिल्यांदा दोन आकडे लिहिले,
उजवा वेगळा, डावा वेगळा.
जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणला,
मलमलची पिशवी केली, बसवून बघितली.
ब्लाऊज एकीकडं वर चढायला लागला.
“हलकं आहे,” वहिनी म्हणल्या.
प्रयागबाईनं घरून बाजरी आणली.
एक मूठ. अजून अर्धी.
तराजू कुठला आमच्याकडं,
वहिनींनीच तळहातावर तोलून बघितलं, डोळे मिटून.
“बास.”

मग कुणी बोलेना.
मी पुढून एकेक हूक लावत होते,
वरचा, खालचा, मधला चुकला.
दाराशी उभी धुरपदा, सहा इंची बाहीत, म्हणली,
“वहिनी, पावसात भिजू नका हां.
मोड येतील.”

पहिल्यांदा वहिनीच हसल्या.
नुकताच लावलेला हूक तुटून
टाचण्यांत जाऊन पडला.

बाहेरून कुणाच्या तरी नवऱ्यानं आवाज दिला,
झालं का शिवून?
आपा डोळे पुसत आतून ओरडली,
“अभी नै. टाइम है.”